जुनी टू-स्ट्रोक ठेवायची, की नवी फोर-स्ट्रोक घ्यायची?

बंगळूरच्या जयनगर, मल्लेश्वरम, राजाजीनगर अशा जुन्या वस्त्यांतील घरांच्या फाटकाआड डोकावले, तर नव्या स्कूटरच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या चादरीखाली झाकलेली एखादी जुनी दुचाकी हमखास दिसते. कुठे वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून मिळवलेली बजाज चेतक, कुठे काकांची येझदी, कुठे कायनेटिक होंडा, तर कुठे यामाहाची आरएक्स १००. चादर काढली, पेट्रोलचा कॉक उघडला, चोक ओढला आणि चार किका मारल्या, की निळसर धूर सोडत ती सुरू होते. घरातल्या एकाचा चेहरा त्या आवाजाने उजळतो आणि दुसरीचा त्या धुराने आंबट होतो.

अशा घरांत एक प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत पडलेला असतो. जुनी टू-स्ट्रोक दुरुस्त करून वापरायची, की ती काढून नवी फोर-स्ट्रोक घ्यायची? अलीकडे त्याला एक उलटा पदरही जोडला गेला आहे. कॉलेजात जाणारा मुलगा नव्या गाडीला नाक मुरडतो आणि म्हणतो, "नवी नको, मला आरएक्सच घेऊन द्या." ज्या गाड्या आई-वडिलांनी गरज म्हणून वापरल्या, त्याच आता मुलांना हौस म्हणून हव्या आहेत. आईचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकलेला असतो. मुलगा ती चालवणार कशी, आणि ती थांबणार कशी?

प्रश्न भावनेचा आहे, पैशाचा आहे, घरातल्या माणसांच्या फुप्फुसांचाही आहे. त्यामुळे आधी इंजिनापासून सुरुवात केलेली बरी.

दोन पंगतींची गोष्ट

फोर-स्ट्रोक इंजिनाचे काम चार टप्प्यांत चालते. पिस्टन खाली जाताना पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेतो, वर येताना ते दाबतो, ठिणगी पडून स्फोट झाला की खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना जळलेला धूर बाहेर घालवतो. आत घेण्याचे दार वेगळे, बाहेर घालवण्याचे वेगळे. ही दारे म्हणजेच व्हॉल्व्ह, आणि ती ठरल्या वेळी उघडतात व मिटतात. इंजिनाचे दोन फेरे झाले, की एकदा जोर मिळतो.

टू-स्ट्रोकमध्ये हेच सगळे एका फेऱ्यात उरकले जाते. व्हॉल्व्ह नाहीत, त्यांना हलवणारा कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि पिस्टनच वर-खाली होताना त्या झाकतो व उघडतो. प्रत्येक फेऱ्यात एकदा जोर मिळत असल्यामुळे लहान इंजिनातून मोठी ताकद निघते. आरएक्स १०० चे इंजिन होते अवघे ९८ सीसीचे आणि ताकद होती ११ अश्वशक्ती. त्याच साली, म्हणजे १९८५ मध्ये, बाजारात आलेल्या हिरो होंडा सीडी १०० चे फोर-स्ट्रोक इंजिनही जवळजवळ तेवढ्याच आकाराचे, ९७ सीसीचे. पण ताकद सुमारे ७ अश्वशक्ती. सिग्नल सुटला की आरएक्सवाला पुढे का निघून जायचा, ते या दोन आकड्यांत आहे. पेट्रोल पंपावर सीडी १०० वाला निवांत का असायचा, याचे कारणही तिथेच सापडते.

टू-स्ट्रोकच्या ताकदीला एक किंमत आहे. लग्नाच्या मांडवात जागा अपुरी असली, की पहिली पंगत पुरती उठायच्या आत दुसरी आत घेतली जाते. त्या रेटारेटीत जेवून उठलेल्यांबरोबर न जेवलेले चार पाहुणेही दाराबाहेर ढकलले जातात. टू-स्ट्रोकमध्ये नेमके हेच होते. ताजे मिश्रण आत येत असतानाच जळलेला धूर बाहेर जात असतो, दोन्ही खिडक्या काही क्षण एकदमच उघड्या असतात आणि ताज्या मिश्रणातला काही भाग न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. इंजिनाची घडण, वेग आणि अवस्था यांनुसार हे प्रमाण १५ पासून ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे पंपावर मोजून दिलेल्या पैशांतला एक हिस्सा थेट रस्त्यावर सांडतो, आणि मागच्या स्कूटरवर बसलेल्या शाळकरी मुलाच्या नाकात जातो.

दुसरी गोष्ट तेलाची. फोर-स्ट्रोकमध्ये तेल इंजिनाच्या तळाशी असते, तेच फिरून वापरले जाते आणि ठरावीक अंतरानंतर बदलले जाते. टू-स्ट्रोकचे तेल पेट्रोलबरोबर जळून जाते. पेट्रोल पंपावर "किती ऑइल?" असा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे सांगायला नको. लिटरमागे साधारण २० मिलिलिटर, म्हणजे दोन टक्के, हे नेहमीचे माप. पण "थोडं जास्तच घाल, इंजिन जपतं" म्हणणारे मालक आणि मापाकडे न बघता ओतणारी पोरे यांच्यामुळे प्रत्यक्षात तेल बरेच जास्त पडायचे. निळा धूर येतो तो या तेलाचा.

गंमत अशी, की जिला आपण 'जुन्या काळची' म्हणतो ती टू-स्ट्रोक वयाने धाकटी आहे. जर्मनीत निकोलाउस ऑटोने चार टप्प्यांचे इंजिन १८७६ मध्ये चालवून दाखवले. आपल्या स्कूटरींत असायचे तसे खिडक्यांचे सुटसुटीत टू-स्ट्रोक इंजिन इंग्लंडमध्ये जोसेफ डे याने केले, ते १८९१ च्या सुमारास.

धुराचा हिशेब कायद्याने मांडला

ऐंशी-नव्वदच्या दशकांत भारतीय मध्यमवर्ग टू-स्ट्रोकवरच स्वार होता. पुण्याजवळच्या आकुर्डीची चेतक, कायनेटिकची लूना, होसूरहून येणारी इंड-सुझुकी एएक्स १००, म्हैसूरच्या आयडियल जावाची येझदी, या सगळ्या टू-स्ट्रोकच. होसूर तमिळनाडूत असले, तरी बंगळूरपासून ४० किलोमीटरवर. म्हैसूरही काही दूर नाही. म्हणून या शहराचे टू-स्ट्रोकशी नाते जरा जास्तच घट्ट. म्हैसूरचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला आणि १९९६ मध्ये बंद पडला. किक मारायचा दांडाच पुढे वळवून गिअर टाकायचा, ही जावा-येझदीची खासियत. नवशिक्या माणसाला पहिल्या दिवशी तो कधीच सापडत नसे.

मग नियम आले. देशात दुचाकींच्या धुराला पहिली मर्यादा १९९१ मध्ये घातली गेली, पण ती इतकी सैल होती, की तिने कोणाची झोप उडाली नाही. १९९६ मध्ये ती बरीच आवळली गेली. कार्बन मोनॉक्साइड किलोमीटरला साडेचार ग्रॅम. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मिळून ३.६ ग्रॅम. २००० मध्ये दोन्ही आकडे २ ग्रॅमवर आले, २००५ मध्ये दीडवर आणि २०१० मध्ये एकवर. न जळलेले पेट्रोल बाहेर टाकणाऱ्या इंजिनाला ही शिडी उतरणे अवघड होते. काही कंपन्यांनी सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवून टू-स्ट्रोक आणखी काही वर्षे चालवली, पण वारे फिरले होते. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. २००१ मध्ये होंडाची अ‍ॅक्टिव्हा आली आणि स्कूटर म्हणजे फोर-स्ट्रोक, हे समीकरण घरोघरी रुजले. बजाजने २००९ च्या अखेरीस स्कूटरचा धंदाच सोडायचे जाहीर केले. खेड्यापाड्यांत दुधाच्या कॅन वाहणारी टीव्हीएसची मोपेड सर्वांत चिवट निघाली. तिची फोर-स्ट्रोक आवृत्ती, एक्सएल १००, आली ती थेट २०१५ मध्ये.

हे फक्त आपल्याकडेच झाले असे नाही. शर्यतींच्या जगात मोटो-जीपीने २००२ मध्ये फोर-स्ट्रोककडे तोंड वळवले. अमेरिकेत शेतात आणि वाळूत पळवायच्या चार चाकी 'क्वाड' गाड्यांत यामाहाची बॅन्शी ही टू-स्ट्रोक १९८७ पासून वीस वर्षे तरुणांच्या गळ्यातला ताईत होती. तीही २००६ नंतर तिथे विकली गेली नाही. आज तिकडेही जुनी टू-स्ट्रोक क्वाड की नवी फोर-स्ट्रोक, यावर असेच वाद रंगतात आणि युक्तिवादही हेच असतात. एक हलकी, चपळ आणि स्वतःच्या हाताने उघडता येणारी. दुसरी शांत, काटकसरी आणि बिघडली तर खिशाला मोठी चाट लावणारी.

बंगळूरच्या रिक्षांचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. दिवसाला शंभर किलोमीटर फिरणाऱ्या रिक्षाच्या बाबतीत धूर आणि इंधन, दोन्हींचा आकडा घरगुती स्कूटरच्या कितीतरी पट होतो. म्हणून तिथे आधी एलपीजी आला, मग फोर-स्ट्रोक. २०१७ च्या सुमारास कर्नाटक सरकारने जुनी टू-स्ट्रोक रिक्षा मोडीत काढून नवी घेणाऱ्याला ३०,००० रुपयांचे अनुदान देऊ केले. रिक्षावाल्याला निवड करायला फारशी जागा नव्हती. घरगुती मालकाला मात्र ती आहे, आणि म्हणूनच तो गोंधळतो.

पेट्रोल वाचेल, पण किती?

"नवी घेतली तर पेट्रोलमध्येच पैसे वसूल होतील." शोरूममध्ये हे वाक्य ऐकायला मिळतेच. ते खरे आहे का? कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

समजा, गाडी महिन्याला ६०० किलोमीटर चालते. म्हणजे रोज घर ते ऑफिस दहा-बारा किलोमीटर, जाऊन-येऊन. जुनी टू-स्ट्रोक बंगळूरच्या गर्दीत लिटरला ३५ किलोमीटर अ‍ॅव्हरेज देते असे धरू, नवी ११० सीसीची फोर-स्ट्रोक ५०. पहिलीला सुमारे १७ लिटर लागतील, दुसरीला १२. फरक ५ लिटरचा. सोपे जावे म्हणून पेट्रोल १०० रुपये लिटर धरले, तर महिन्याला ५०० रुपये. त्यात टू-टी ऑइलचे महिन्याला साडेतीनशे मिलिलिटर, म्हणजे वर्षाला चारेक लिटर मिळवा. फोर-स्ट्रोकलाही तेल बदलावे लागते, तेव्हा तो फरक फार मोठा नाही. एकूण बचत वर्षाला सहा ते आठ हजारांच्या घरात. नवी स्कूटर रस्त्यावर येईपर्यंत लाखाच्या आसपास जाते. म्हणजे केवळ पेट्रोलवर पैसे वसूल व्हायला बारा वर्षांहून अधिक लागतील. तोवर नवी गाडीही जुनी झालेली असेल!

पण इलेक्ट्रॉनिक सिटीत राहून रोज हेब्बाळपर्यंत जाणाऱ्याचे काय? त्याचे महिन्याला १५०० किलोमीटर सहज होतात. त्याची बचत १३ लिटरवर जाते, वर्षाला पंधरा हजारांच्या वर, शिवाय तेलाचे दहा लिटर वेगळे. त्याच्यासाठी हिशेब सहा-सात वर्षांवर येतो, आणि रोज एवढे अंतर किक-चोकच्या गाडीवर काढण्याचा शीण जमेस धरला, तर त्याहूनही अलीकडे. उलट, निवृत्त गृहस्थ महिन्यातून शंभर किलोमीटर, भाजी आणि देऊळ एवढ्यापुरतीच गाडी काढत असतील, तर त्यांची बचत महिन्याला शंभर रुपयेही नाही. त्यांनी केवळ पेट्रोलपायी नवी गाडी घेण्यात काही अर्थ नाही.

तेव्हा पेट्रोलचा मुद्दा जितका पुढे केला जातो, तितका तो निर्णायक नाही. खरा फरक इतर गोष्टींत आहे.

थांबवणे, सुरू करणे, दुरुस्त करणे

पहिला फरक ब्रेकचा. आईची काळजी इथे अगदी बरोबर ठिकाणी असते. एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना जोड-ब्रेक, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागेल अशी सोय, आणि त्याहून मोठ्यांना चाक लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. जुन्या आरएक्सला साधे ड्रम ब्रेक आहेत. गाडी हलकी, पिकअप तिखट आणि ब्रेक मात्र ऐंशीच्या दशकातल्या रस्त्यांसाठी घडवलेले. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तरी इंजिन स्वतः गाडीला फारसे आवरत नाही. फोर-स्ट्रोकवर शिकलेला मुलगा उतारावर 'गिअरमध्ये आहे, आपोआप मंदावेल' या भरवशावर राहिला, तर फसतो. रिंग रोडवरच्या पावसाळी संध्याकाळी हा फरक काही हातांचा असतो, आणि तेवढा पुरतो.

दुसरा फरक सुरू करण्याचा. घरातली गाडी नेमकी कोण वापरते, हा प्रश्न पुष्कळ घरांत विचारलाच जात नाही. साडी सावरत, पिशवी सांभाळत किक मारणारी गृहिणी ही ऐंशीच्या दशकातली रोजची कसरत होती. कायनेटिक होंडाने १९८४ मध्ये बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर आणली, तेव्हा बायकांनी ती डोक्यावर घेतली, ती काही उगीच नव्हे. मुलाला शाळेत सोडून नऊच्या आत ऑफिस गाठणाऱ्या सुनेने सकाळी ओला प्लग पुसत बसावे, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने आठवडाभर ते काम स्वतः करून पाहावे. सिल्क बोर्डसारख्या सिग्नलवर टू-स्ट्रोक बराच वेळ मंद चालत राहिली, की प्लगवर काजळी धरते आणि हिरवा दिवा लागायला व गाडी बंद पडायला एकच गाठ पडते.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र जुन्या गाडीचे पारडे जड आहे. टू-स्ट्रोकचे इंजिन उघडणे सोपे. हेड काढा, ब्लॉक काढा, पिस्टन हातात येतो. रिंगा बदलल्या, सायलेन्सरमधला कार्बन जाळून काढला, कार्बोरेटर साफ केला, की गाडी पुन्हा तरतरीत. सिलिंडर झिजला तर बोअर करून एका मापाने मोठा पिस्टन बसवता येतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये, मोजक्या पान्यांवर हे काम होते. २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत कार्बोरेटर गेला, त्या जागी फ्युएल इंजेक्शन, सेन्सर आणि छोटा संगणक आला. त्या बिघडतात कमी. पण बिघडल्या तर कान लावून दोष ओळखणारा जुना मिस्त्री हात वर करतो आणि गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे ढकलत न्यावी लागते. बॅटरी पार उतरली, तर काही नव्या स्कूटरींना किकही नसते.

अर्थात, मिस्त्री जिवंत आहे, पण सुटे भाग कुठे आहेत? बंगळूरमध्ये त्यासाठी जे. सी. रोड आणि शिवाजीनगरची गुजरी ही दोन ठिकाणे. जे. सी. रोडवर नवे मिळते, गुजरीत जुन्यातून निवडून. अस्सल भाग दुर्मिळ झाले आहेत आणि नकली भागांवर नाव मात्र अस्सलच असते. आरएक्सच्या सुरुवातीच्या गाड्यांतल्या, जपानहून आलेल्या भागांना तर दागिन्याचा भाव. नकली पिस्टन बसवलेले इंजिन उन्हात, लांबच्या पल्ल्यावर जाम झाले, की मागचे चाक जागच्या जागी लॉक होते. त्या क्षणी क्लच दाबायचे सुचले तर ठीक.

इथे पेट्रोलचाही एक नवा गुंता आहे. २०२५ पर्यंत देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या, वॉशर, टाकीचा पत्रा हे काही त्यासाठी घडवलेले नाहीत. जुनी गाडी ठेवायचीच असेल, तर या नळ्या आणि कार्बोरेटरमधली रबरे बदलून घ्यावीत. महिनोन्महिने ती उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत.

'पी.यू.सी. पास आहे' म्हणजे काय?

जुन्या गाडीचे मालक ठणकावून सांगतात, "आमच्या गाडीचं प्रदूषण प्रमाणपत्र आहे." ते खरे असते. पण ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकीला या तपासणीत हायड्रोकार्बनची मर्यादा आहे ९,००० पीपीएम. त्यानंतर बनलेल्या टू-स्ट्रोकला ६,००० आणि फोर-स्ट्रोकला ४,५००. म्हणजे जुन्या गाडीला नव्या फोर-स्ट्रोकच्या दुप्पट सूट. तीही गाडी उभी असताना, मंद चालत असताना मोजलेली. पास झालेली गाडी कायद्याला मान्य आहे, एवढाच त्याचा अर्थ. शहरातल्या वाहनांची संख्या एक कोटीच्या पार गेली आहे. त्यांत एक जुनी चेतक ती काय, असे कोणी म्हणेल आणि ते आकड्यांनी खोडता येणार नाही. पण गाडी सुरू होते ती आपल्याच पोर्चमध्ये, आजीच्या खिडकीखाली, आणि घरात कोणाला दमा असेल तर शहराच्या आकडेवारीने त्याचे समाधान होत नाही.

निदान एवढे तरी करता येते, की सुटे तेल टाकून द्यावे आणि कमी धुराचे, डब्यावर 'जासो एफसी' असा दर्जा लिहिलेले टू-टी ऑइल मापानेच वापरावे. निम्मा धूर तिथेच कमी झालेला डोळ्यांना दिसतो.

कागदपत्रांकडेही वळले पाहिजे, कारण पुष्कळ घरांत जुन्या गाडीचे घोडे तिथेच अडते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर गाडी आरटीओत नेऊन, दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून दुचाकीचे हे शुल्क ३०० वरून १,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांहून जुन्या दुचाकीसाठी ते २,००० रुपये झाले. उशीर केला तर महिन्याला दंड चढतो. कर्नाटकात हरित कर वेगळा. पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीला सरसकट बंदी इथे नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे. गॅरेजमध्ये किंवा गाडी स्वस्तात लाटू पाहणाऱ्याकडून "आता ही गाडी चालणारच नाही, भंगारात द्या" असे ऐकले, तर घाबरून जाऊ नये. विमाही फार महाग नाही. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकात ७१४ रुपयांचा होता.

पुण्या-कोल्हापूरहून किंवा सांगलीहून बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक पायरी आहे. एम.एच. पासिंगची स्कूटर बारा महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवायची, तर मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणून कर्नाटकात नव्याने नोंदणी करावी लागते आणि इथला कर भरावा लागतो. वडिलांची स्कूटर ट्रकमध्ये घालून आणली, मूळ आर.सी. बुक मात्र कोल्हापूरच्या कपाटात राहिले आणि वडील आता हयात नाहीत, अशा घरांत गाडी दारात उभी राहून गंजते ती यंत्रामुळे नव्हे, तर वारसाच्या कागदांमुळे. ही फेरी आधी पूर्ण करावी. इंजिनावर खर्च नंतर करावा.

मुलाला आरएक्स घेऊन द्यावी का?

हा प्रश्न वडिलांना जास्त अवघड जातो, कारण त्यांच्याही मनात ती गाडी असते. नीट राखलेल्या किंवा नव्याने बांधलेल्या आरएक्स १०० ला आज लाखाच्या वर किंमत सांगितली जाते, म्हणजे नव्या गाडीइतकी किंवा तिच्याहून अधिक. या पैशात मिळते ती किमान तीस वर्षांची गाडी. चोरांनाही तिची किंमत ठाऊक असते. शिवाय ही हौस बहुतेक वेळा सायलेन्सरपाशी घसरते. मूळ सायलेन्सर काढून कर्कश आवाजाचा लावायचा, ही त्या वयातली रीत. असे जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनी रोड-रोलरखाली चिरडल्याच्या बातम्या कर्नाटकातील शहरांतून वरचेवर येतात.

रोज कॉलेजला जायला म्हणून आरएक्स घेऊ नये, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. रोजच्या वापराला नवी, चांगल्या ब्रेकची गाडी हवी. पण मुलाला यंत्रात खरोखर रस असेल, त्याच्याकडे परवाना असेल आणि घरात वापराची दुसरी गाडी असेल, तर घरचीच जुनी टू-स्ट्रोक त्याच्या हाती सोपवून "तू उघड, तूच बांध" असे सांगण्यात काही वाईट नाही. बंगळूरमध्ये जावा-येझदीवाल्यांचा मोठा परिवार आहे. दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी, आंतरराष्ट्रीय जावा दिनाला, ते गाड्या पुसून-पासून एकत्र येतात. तिथे पांढऱ्या केसांचे मालक आणि त्यांची नातवंडाच्या वयाची मंडळी एकाच कार्बोरेटरवर वाकलेली दिसतात. कोचिंग क्लासच्या फीपेक्षा हे शिक्षण स्वस्त पडते.

बाहेरून घ्यायचीच असेल, तर इंजिन थंड असताना पाहायला जावे. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल, तर परत यावे आणि दुसऱ्या दिवशी जावे. किक दाबताना पायाला घट्टपणा जाणवला पाहिजे; सैल जात असेल तर बोअर-पिस्टनचा खर्च धरून चालावे. सुरुवातीला धूर येणारच, पण पाच-दहा मिनिटे चालल्यावरही तो दाट राहिला, तर तेलाची सील गेलेली असण्याचा संभव असतो. इंजिन आणि चेसिसचा नंबर आर.सी. बुकाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा. गुजरीतून भाग जमवून उभ्या केलेल्या गाड्यांत इथेच गडबड निघते.

निवडीत आता तिसराही पर्याय शिरला आहे. बंगळूरच्याच एथरने २०१८ मध्ये विजेवर चालणारी स्कूटर इथल्या रस्त्यांवर उतरवली, आणि २०२० पासून चेतक हे नाव पुन्हा आले ते विजेच्या स्कूटरवर. स्वतःचे पार्किंग आणि तिथे प्लग असलेल्या घराने, रोजचे अंतर वीस-तीस किलोमीटर असेल, तर फोर-स्ट्रोकच्या शोरूममध्ये जाण्याआधी हाही हिशेब करावा. चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्याला मात्र पेट्रोलशिवाय अजून तरी सोय नाही.

जुनी गाडी विकायचे किंवा देऊन टाकायचे ठरले, तर किल्ली आणि आर.सी. बुक हातात ठेवून मोकळे होऊ नये. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून आरटीओत नाव बदलल्याची खात्री करावी. मोडीत काढायची असेल, तर नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्यावी आणि तिथले प्रमाणपत्र जपून ठेवावे, कारण त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते. गल्लीतल्या ओळखीच्या माणसाला तोंडी व्यवहारात दिलेली स्कूटर पुढे कोणाच्या हाती जाईल, सांगता येत नाही. नाव बदललेले नसेल, तर तिच्या अपघाताची नोटीस पहिल्या मालकाच्याच पत्त्यावर येते.